गोणीमागे अर्धा किलो

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतरांनाही संदर्भ कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. वय एकतीस. तालुक्याच्या गावी कांद्याच्या आडतीवर सहा वर्षं दिवाणजी आहात. मालक गोणीमागे अर्धा किलो 'घट' कापायला लावतात आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा वजनाचा-हिशेबाचा कागद, तुमच्या हातची असते. दर नाताळला मालक पाच हजार रुपये वेगळे हातावर ठेवतात, त्यातला दशमांश तुम्ही देवळात देता. रविवारी शास्त्रवाचन करता, तरुण संघाचे चिटणीस आहात. मुलीला यंदा पहिलीत घालायचंय. तुम्ही ख्रिस्ती, पण तुमच्या स्वतःच्या दाखल्यावर 'हिंदू महार' आहे, त्यामुळे तिच्या अर्जात धर्माच्या रकान्यात काय लिहायचं यावरून घरात दोन मतं पडली आहेत. त्या वादात बायको बोलून गेली, "रविवारी वाचता ते सोमवारी कुठं ठेवून जाता?" ते वाक्य तुम्हाला झोपू देत नाही. विश्वास आणि वागणं एक कसं करायचं, हा तुमचा प्रश्न.

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या वेगवेगळ्या मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, बत्तीस वर्षं पाळकाचं काम केलं. हा प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे प्रार्थना वाढवा, आणि दुसरं म्हणजे असली नोकरी सोडा. दोन्ही मी दिलेली आहेत. पहिलं ऐकून माणूस आणखी अर्धा तास गुडघे टेकतो आणि सकाळी पुन्हा तीच पट्टी लिहितो. दुसरं ऐकून तो मान डोलावतो आणि परत माझ्याकडे फिरकत नाही, कारण त्याच्या घरी पाच तोंडं असतात. म्हणून पुढे पुढे मी तिसऱ्याच ठिकाणी सुरुवात करायला लागलो. तुमच्याकडे कुणाचं काय राहिलंय, ते आधी लिहून काढा.

हे मी जक्कयाकडून शिकलो. लूकच्या शुभवर्तमानात एकोणिसाव्या अध्यायातली ती गोष्ट आपण मुलांना झाडावर चढलेला बुटका माणूस म्हणून शिकवतो आणि तिथंच सोडून देतो. पुढे घरी काय झालं ते वाचा. जक्कय उभा राहून बोलतो तेव्हा तो 'आता मी देवळात नियमित येईन' असं म्हणत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत, असा थेट हिशेब तो मांडतो. जकातदार होता, हिशेब कळत होता त्याला. त्याच्या तोंडून हिशेब निघाला, तेव्हा प्रभू येशू म्हणाला की आज या घराला तारण मिळालं.

इथं कुणी म्हणेल, पाळकसाहेब, तारण कृपेनं आहे, तुम्ही कर्मानं सांगताय. त्यांनी क्रम बघावा. प्रभू आधी त्याच्या घरी जेवायला गेला, सगळा गाव कुरकुरत असताना गेला. परतफेड नंतर आली. कृपा मिळवायला जक्कयानं पैसे मोजले नाहीत. कृपा घरात येऊन बसल्यावर कपाटातले दुसऱ्यांचे पैसे त्याला बघवेनात, एवढंच.

एक माणूस तुम्हाला जवळून दाखवतो. माझ्या दुसऱ्या नेमणुकीच्या गावात एक किराणा दुकानदार होते, मंडळीचे वडील, म्हणजे तिचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. रविवारची घंटा तेच वाजवायचे. एका उपवासकाळात मी जक्कयावर बोललो. त्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी निरोप पाठवला, दुकान बंद झाल्यावर या. गेलो तर एक फळी लावलेली, आत कंदील, त्या काळी लोडशेडिंग फार. त्यांनी पाच किलोचं लोखंडी वजन गल्ल्याजवळच्या फळीवर ठेवलं आणि उलटं केलं. लोखंडी वजनाच्या बुडाला एक खाच असते. तिच्यात शिसं भरून वजन बरोबर केलेलं असतं आणि त्या शिशावर निरीक्षकाचा शिक्का असतो. त्यांच्या वजनातलं शिसं कोरून काढलेलं होतं. खाचेत मेण भरून वरून काजळी चोळलेली. त्यांनी चाकूच्या टोकानं ते मेण हळूहळू उकरलं, फळीवर त्याचा काळा चुरा पडत गेला. बराच वेळ आम्ही दोघंही बोललो नाही. मग ते म्हणाले, "हे वडिलांच्या वेळचं नाही. मीच केलंय. नऊ वर्षं झाली."

त्यांनी काय करावं हे मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. नऊ वर्षांत कुणाला किती कमी गेलं, कोण सांगणार? उपाय त्यांनीच काढला. उधारीची वही घेतली आणि घरोघर गेले. प्रत्येक घरी उधारीची बाकी होती, ती समोर खोडली आणि कशासाठी खोडतोय ते सांगितलं. लाजून 'सूट देतो' म्हणाले असते तर लोकांनी दुवा दिला असता. ते तसं म्हणाले नाहीत. काही लोकांनी दार लावून घेतलं. एका म्हातारीनं सांगितलं, "मला ठाऊक होतं, म्हणून तर मी वरून मूठभर मागायचे." ती मूठ ते शेवटपर्यंत विसरले नाहीत, मला दर भेटीत तिची आठवण काढायचे.

पुढं त्यांचं भलं झालं असं मी सांगणार नाही. वर्षभर गिऱ्हाईक कमी झालं, मोठ्या मुलाचं लग्न लांबलं. वडीलपदाचा राजीनामा त्यांनी स्वतः दिला आणि शेवटच्या बाकावर बसायला लागले. पण त्या वर्षात त्यांच्या तोंडून जी प्रार्थना ऐकली, ती आधी घंटा वाजवताना कधी ऐकली नव्हती. तीन-चार वाक्यांची असायची.

आता तुमच्याकडे येतो. तुम्ही दुकानाचे मालक नाही, नोकर आहात, आणि हा फरक शास्त्र मानतं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले आणि 'आम्ही काय करावं' म्हणाले. त्यानं जकातनाका सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्यापेक्षा जास्त घेऊ नका म्हणाला. शिपाई आले, त्यांना म्हणाला, दमदाटी करून कुणाचं उकळू नका, पगारात समाधान माना. दोन्ही पेशे त्या काळी बदनाम होते, तरी त्यानं माणसांना त्याच जागी सरळ वागायला पाठवलं.

आणखी एक नोकर आहे, 2 राजे पाचव्या अध्यायातला नामान, अरामाच्या राजाचा सेनापती. कोड बरं झाल्यावर तो अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात जातो तेव्हा माझ्या हातावर टेकतो, मलाही वाकावं लागतं, एवढ्याची क्षमा असावी. अलीशा म्हणतो, शांतीनं जा. चाकरी करणाऱ्या माणसासाठी पवित्र शास्त्रात एवढा दिलासा दुसरीकडे कुठं मला सापडलेला नाही. पण ही सवलत कुठं संपते तेही बघा. त्याआधीच नामान बोलून चुकलाय की यापुढं मी स्वतः दुसऱ्या देवाला बली देणार नाही. धनी टेकतो म्हणून वाकणं वेगळं आणि आपल्या हातानं अर्पण करणं वेगळं.

तुमच्या आडतीवर मालक काय बोलतात, भाव कसा फोडतात, कुणाला उचल देतात, हा धनी टेकण्याचा भाग. त्याचं ओझं तुम्ही सगळं डोक्यावर घेऊ नका. पण काट्यावर पन्नास किलो आलेलं असताना पट्टीवर साडेएकोणपन्नास लिहिणारा हात तुमचा आहे. हा नामानाचा भाग नाही.

हा अर्धा किलो म्हणजे काय, ते तुम्हाला कळतं, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. चाळीस गोण्या घेऊन आलेल्या शेतकऱ्याचे वीस किलो गेले. त्याला वाटतं कांद्याला घट आली, कांदा सुकतोच. तो आपल्या नशिबाला, उन्हाला, चाळीला दोष देत घरी जातो. त्याच्या हातून गेलेली वस्तू त्याला कळतही नाही, हे या चोरीतलं मला सगळ्यात वाईट वाटतं. नियमशास्त्रात लेवीय आणि अनुवाद या दोन्ही पुस्तकांत खऱ्या वजनाची आज्ञा आहे, आणि खोट्या तागडीची देवाला किळस येते असं नीतिसूत्रांत आहे. लहानपणी मला प्रश्न पडायचा, देवानं तराजूसारख्या गोष्टीत एवढं लक्ष का घालावं. आता पडत नाही. तराजूपुढं गरीब माणूस समोरच्याच्या शब्दावर उभा असतो. बाजार समितीच्या नियमांतही ही कपात कुठं बसत नाही, ते तुमच्या मालकांनाही माहीत असणार.

करायचं काय? एखाद्या संध्याकाळी हमाल गेल्यावर, गाळ्यावर गिऱ्हाईक नसताना मालकांशी एकट्यानं बोला. चारचौघांत बोलाल तर त्यांना इज्जत वाचवण्यासाठी भांडावंच लागेल. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूनं आधी एकांतात बोलायला सांगितलंय ते मंडळीतल्या भावाबद्दल आहे, पण रीत तीच चांगली. वचन सांगू नका, पश्चात्तापाचं आवाहन करू नका. एवढंच म्हणा: "शेठ, उद्यापासून काट्यावर येईल तेच वजन मी पट्टीवर लिहीन. घट कापलेली पट्टी माझ्या हातानं होणार नाही. बाकी कामात कसूर करणार नाही. आणि यंदापासून नाताळचे पैसे नकोत." दुसऱ्या दिवशी वेळेवर जा.

पुढं काय होईल याची खात्री मी देत नाही. माझ्या ओळखीत असं बोललेला एक जण काट्यावरून गोदामात गेला आणि तिथंच निवृत्त झाला. दुसऱ्याला त्याच आठवड्यात काढलं. त्यानं दोन वर्षं हातगाडीवर भाजी विकली, आणि त्याची बायको वर्षभर त्याच्याशी धड बोलली नाही, कारण घरात विचारल्याशिवाय त्यानं ते केलं होतं. म्हणून मालकांआधी घरात बोला. हातात दोन-तीन महिन्यांचा शिधा-किराणा निघेल एवढे पैसे बाजूला पडेपर्यंत थांबलात तरी चालेल, दुसरीकडे शब्द टाकून ठेवलात तरी चालेल. पण थांबण्याची तारीख आजच ठरवा आणि ती बायकोला सांगा, नाहीतर थांबणं वर्षानुवर्षं चालतं. आणि तुमच्या पाळकांना सांगा. नोकरी गेली तर शिधा मंडळीनं पुरवायचा असतो. ज्या मंडळीला तुमचं शास्त्रवाचन चालतं, तिला तुमचं रिकामं पिंपही दिसलं पाहिजे.

मग परतफेड. सगळी घट तुम्ही खाल्लेली नाही, ती मालकांच्या खात्यात गेली. तुमच्याकडे आले ते सहा वर्षांचे पाच-पाच हजार, म्हणजे तीस हजार. नियमशास्त्रात अशा वेळी मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा घालून ज्याचं त्याला द्यायला सांगितलंय. म्हणजे छत्तीस हजार. जक्कयाचं चौपट तुम्ही करू नका, तो श्रीमंत होता. चौदा हजार पगारात महिन्याला हजार काढलेत तर तीन वर्षं लागतील. लागू द्यात. ही गोष्ट एका उत्साही रविवारी उरकण्यापेक्षा तीन वर्षं दर महिन्याला करणं तुमच्या जास्त कामाला येईल, असं माझं मत आहे.

पैसे द्यायचे ते शेतकऱ्यांना. जे वर्षानुवर्षं तुमच्याच गाळ्यावर माल आणतात, छोटे आहेत, दहा-वीस गोण्यांचे आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करा. हातात द्या आणि कशाचे ते सांगा. पाकिटात घालून दाराशी टाकू नका. मालकांचं नाव घेऊ नका, ते तुमच्या कबुलीत येत नाही, 'माझ्याकडे तुमचे एवढे आले होते' म्हटलं की पुरे. समोरचा चिडेल, शिव्या देईल, तोही त्याचा हक्क आहे.

ते पैसे देवळाच्या पेटीत टाकले तर चालणार नाही का, असं कुणीतरी विचारणारच. नाही. येशूला धरून दिल्याबद्दल मिळालेली आणि यहूदानं परत फेकलेली चांदीची तीस नाणी देवळाच्या खजिन्यात घेता येत नाहीत एवढं त्या याजकांनाही कळत होतं, आणि त्यांच्याकडून शिकायची वेळ आपल्यावर येऊ नये. पाच हजारांतले पाचशे देताना तुमच्या मनाला जे समाधान मिळालं ते खरं होतं, मी ते नाकारत नाही. पण त्या समाधानानंच पुढचे सगळे महिने घट कापणं सोपं केलं. प्रभू शास्त्र्यांना हेच म्हणाला होता: पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशमांश देता आणि न्याय, दया, विश्वास बाजूला ठेवता.

याबाबतीत आपण प्रॉटेस्टंट लोकांनी कॅथलिक शेजाऱ्यांकडून काही शिकावं असं मला नेहमी वाटतं. गोव्याकडे ज्याला कुमसार म्हणतात, त्या पापनिवेदनात चोरी सांगितली तर नुसती प्रार्थना सांगून सुट्टी होत नाही, घेतलेलं परत करावं लागतं, अशी त्यांची शिकवण आहे. आपल्याकडे सगळं थेट देवाशी. त्यात मोकळीक आहे, पण पळवाटही आहे. तुम्ही एका माणसाला सगळं सांगा. मला लिहिलंत तसं लांबच्या माणसाला नव्हे, गावातल्याला, जो तीन महिन्यांनी 'किती दिले?' विचारेल.

माझंही एक सांगतो, कारण ते न सांगता मी तुम्हाला हे सगळं सांगणं बरोबर होणार नाही. पाळक म्हणून पहिल्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. देवळाचं अंगण झाडायला एक बाई यायच्या. महिना दीडशे रुपये, मंडळीच्या खात्यातून, देण्याचं काम माझ्याकडे. खातं नेहमी ओढाताणीत. मी माझा पगार वेळेवर घ्यायचो आणि त्यांचा 'पुढच्या आठवड्यात'. कधी दोन महिने, एकदा तीन. एका रविवारी याकोबाच्या पाचव्या अध्यायावर मी बोललो, कापणी करणाऱ्यांची अडवलेली मजुरी ओरडते, तो भाग. बोललो चांगलं, लोकांनी तसं सांगितलं. उपासना संपल्यावर सगळे गेले, त्या पायरीवर खराटा घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाळकसाहेब, आजचं वचन कुणासाठी होतं?" टोमणा नव्हता तो. त्या शिकलेल्या नव्हत्या, पुढच्या रांगेत कधी बसायच्या नाहीत, त्यांना खरंच वाटलं होतं की हे वचन दुसऱ्या कुठल्या गावच्या मालकांसाठी असेल.

त्या दुपारी मी जेवलो नाही. संध्याकाळी उसने पैसे घेऊन तिन्ही महिन्यांची मजुरी त्यांच्या घरी नेऊन दिली. घर देवळापासून चार मिनिटांवर होतं आणि मी तिथं पहिल्यांदाच जात होतो. तेव्हापासून जिथं जिथं राहिलो तिथं झाडणाऱ्याचा पगार आधी, मग पाळकाचा, असा ठराव वडीलमंडळाकडून लिहून घेतला. मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नये, ही लेवीयातली आज्ञा मला धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ होती. ती अर्थासकट समजली त्या पायरीवर.

आता मुलीचा अर्ज. इथं मी सावकाश बोलणार आहे, कारण या विषयावर आपल्यातलेच लोक एकमेकांवर फार सहज दगड उचलतात.

आधी वस्तुस्थिती. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा धर्माला बांधला. 1956 मध्ये शीख त्यात आले आणि 1990 मध्ये बौद्ध. नागपूरच्या धर्मांतरानंतर चौतीस वर्षांनी का होईना, आपल्या शेजारच्या वस्तीतल्या भावांना न्याय मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. केंद्रानं 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला. आणि नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात सांगितलं की प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म पाळायचा आणि केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणवायचं, ही संविधानाची फसवणूक आहे.

निकाल ऐकून आपल्याकडे काही जण म्हणाले, बरं झालं. मला बरं वाटलं नाही. नगर जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे पणजे-खापरपणजे एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांच्या आगेमागे बाप्तिस्मा घेऊन आले. मिशनच्या शाळेत ते शिकले, पण तेवढ्यानं गावानं त्यांना पाणवठ्यावर घेतलं नाही. बाप्तिस्म्याच्या पाण्यानं त्यांच्याकडे बघणाऱ्यांच्या मनातली जात धुतली गेली नाही. अशा माणसाला कायदा म्हणतो, तू ख्रिस्ती झालास म्हणजे तुझं सोसणं संपलं. हा अन्याय आहे, आणि तो दूर व्हावा म्हणून उघडपणे झगडणं हेही विश्वासानं जगण्यातच येतं.

तरीही तुम्ही मला सरळ विचारलंत, तर मी सरळ सांगतो. मुलीच्या अर्जावर 'ख्रिस्ती' लिहा. शाळेतली पहिली नोंद पुढं दाखल्यांवर जन्मभर चालते. ती सहा वर्षांची आहे, रविवारच्या शाळेत जाते, तिला तुम्ही घरी एक नाव शिकवता आणि कागदावर दुसरं. दहाव्या-बाराव्या वर्षी ती विचारेल, तेव्हा तुम्हाला उत्तर देता येणार नाही. तुमच्या स्वतःच्या दाखल्यावरची नोंद तुमच्या वडिलांनी केली, त्या वेळी तुम्ही लहान होता. त्याबद्दल स्वतःला झोडपू नका, वडिलांनाही नाही. त्यांनी भुकेकडे बघून केलं. आडतीवरची नोकरी त्या दाखल्यावर मिळालेली नाही. यापुढे तो दाखला वापरू नका, एवढं तुमच्या हातात आहे.

यात तुमचं नुकसान आहे हे मी झाकणार नाही. अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती जाईल, पुढं त्या प्रवर्गातली राखीव जागा जाईल. म्हणून जो पाळक व्यासपीठावरून 'खरं लिहा' म्हणतो, त्यानं त्याच आठवड्यात मंडळीत शिक्षणनिधीची वही उघडावी. माझ्या शेवटच्या मंडळीत आम्ही ती उघडली होती. फार मोठी रक्कम जमली नाही, पण दोन मुली नर्सिंगला गेल्या. वही न उघडता उपदेश करणारे, आणि त्यातही ज्यांच्या मुलांना असल्या दाखल्याची कधी गरजच पडली नाही असे, यांचं बोलणं तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आणि जातीचा विषय निघालाच आहे तर कागदापेक्षा मोठी विसंगती ताटाशी आहे. आपल्याच मंडळ्यांमध्ये महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एका प्याल्यातून प्रभूभोजन घेतात आणि सोयरिकीचा विषय निघाला की 'आपल्यातलेच पाहिजेत' म्हणतात. मी लग्नं लावली आहेत, स्थळांची माहिती माझ्या हातून गेली आहे, मला ठाऊक आहे. अंत्युखियात प्रेषित पेत्र विदेश्यांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, यरुशलेमहून माणसं आली तसा हळूच उठून वेगळा बसू लागला. पौलानं त्याला सगळ्यांसमोर अडवलं. पेत्राची शिकवण चुकली असं पौल म्हणाला नाही, सुवार्तेच्या सत्याप्रमाणे तुमचे पाय पडत नाहीत असं म्हणाला.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. त्यांचे पती नारायणरावांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं. नंतर त्या नवऱ्याकडे परत आल्या तरी आपला स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. जात ही माणसांनी केली, देवानं नाही, हे त्यांना स्वतःच्या विचारानं पटलं तेव्हा त्यांनी आधी ते सोवळं सोडलं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. आधी घागर बदलली, मग नाव. आपल्याकडे बहुतेकांचं नाव पिढ्यांपूर्वी बदललंय आणि घागर अजून कोपऱ्यात झाकून ठेवलेली आहे. तुम्ही तरुण संघाचे चिटणीस आहात. पुढच्या सहभोजनात कोण कुणाशेजारी बसतं, कोणाच्या घरचा डबा कोण उघडत नाही, एवढं नुसतं बघा. बोलायचं काय ते मग तुम्हाला सुचेल.

तोपर्यंत शास्त्रवाचन सोडायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणार. काही महिने सोडा, असं माझं मत. शिक्षा म्हणून नाही. पाळकांना कारण सांगा, लोकांना सांगायची गरज नाही. बाकावर बसून दुसऱ्याच्या तोंडून वचन ऐका. किराणा दुकानदार मला म्हणाले होते, घंटा वाजवायची थांबवली तेव्हा ती पहिल्यांदा ऐकू आली.

आणि मोबाइलच्या स्टेटसवर रोज सकाळी वचन टाकत असाल तर तेही तूर्त राहू द्या.

बायकोच्या वाक्याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते समजतं. पण तिनं ते तुम्हाला तोंडावर सांगितलं, माहेरी जाऊन सांगितलं नाही. आज रात्री मुलगी झोपल्यावर तिला सगळं सांगा, गोणीमागचा अर्धा किलोही. नाताळच्या पाच हजारांतून घरात काय काय आलं ते तिलाच जास्त आठवत असेल. तिची साडी असेल, मुलीचे बूट असतील. तिला ते अपराधी वाटू देऊ नका, लिहिणारे तुम्ही होता. यादी मात्र दोघांनी मिळून करा. तिचं अक्षर चांगलं असेल तर तिलाच लिहू द्या.

मालकांशी बोलण्याआधी एक काम करून ठेवा. तुमच्या हातच्या पट्ट्यांच्या कार्बन प्रती गाळ्यावरच्या कपाटात असतील. नोकरी गेली तर त्या तुम्हाला पुन्हा बघायला मिळणार नाहीत. कुठलाही कागद घरी आणू नका, तो मालकांचा आहे. जेवणाच्या सुट्टीत बसून छोट्या शेतकऱ्यांची नावं, गावं आणि गोण्यांचा आकडा एका वहीत उतरवून घ्या. साठ-सत्तर नावं निघाली तरी तीन वर्षांना पुरतील.